हंसाचा डोळा

मैलापुरात देवाचा रथ ज्या चार रस्त्यांनी देवळाला प्रदक्षिणा घालतो, त्यांना माडवीथी म्हणतात. त्यांपैकी उत्तरेकडच्या वीथीतून एक अरुंद बोळ आत जातो. त्या बोळात रथ शिरत नाही, दोन रिक्षाही समोरासमोर आल्या तर एकीला मागे हटावे लागते. परंतु उत्सवाच्या दिवशी रथात बसलेल्या देवीच्या मस्तकावर आणि कंठात जे तांबडे तेज झळकते, त्यातले पुष्कळसे ह्या बोळात घडलेले असते. ह्याच बोळाच्या टोकाच्या घरात, खिडकीखालच्या बुटक्या पाटाशी, कनकाबाई गेली कित्येक वर्षे पाय दुमडून बसत आल्या आहेत.

चेन्नईत सोने घ्यायचे ते साहुकारपेठेत. तिथे तराजू बोलतो. मैलापूरच्या ह्या बोळाची रीत निराळी. इथल्या अलंकाराचे वजन कोणी आधी विचारत नाही. चांदीचा पातळ पत्रा ठोकून आकार द्यायचा, त्यावर खड्यांसाठी इवलीइवली घरे उभी करायची, घरात लाख भरायची, लाखेवर चमकता वर्ख, वर्खावर केंप नावाचा तांबडा खडा, आणि खड्याच्या कडेने सोन्याची धार दाबत न्यायची, असे हे कोंदणकाम. पूर्वी ते केवळ देवतांसाठी होत असे. देवीच्या पुढे नाचणाऱ्यांनी तिचेच अलंकार प्रसाद म्हणून आपल्या अंगावर घेतले, आणि नृत्य देवळाच्या मंडपातून सभागृहाच्या रंगमंचावर गेले तेव्हा हे तांबडे खडेही त्याच्यामागून गेले. भांगाच्या एका बाजूस सूर्य, दुसऱ्या बाजूस चंद्र, आणि मागे वेणीच्या मुळाशी राक्कोडी. राक्कोडी म्हणजे फुलासारखी गोल चकती, तिच्या मध्यभागी मान वळवून बसलेला हंस. प्रेक्षकांकडे पाठ करून नर्तिका वळते तेव्हा सगळ्या सभेला दिसतो तो हा हंसच.

कनकाबाईंचे घराणे तंजावरचे. मराठ्यांच्या दरबारी जडावाचे काम करणारी ही माणसे दरबाराचा आश्रय सरल्यावर मद्रासेस आली आणि देवळाच्या सावलीत स्थिरावली. घरात मराठीच बोलत. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तशी त्या मराठीत तमिळचा हेल आणि तमिळचे शब्द मुरत गेले. कनकाबाईंचे वडील राघोत्तमराव ह्या कामातले नामांकित. त्यांच्या पाटाशी खरे तर मुलाने बसायचे; पण मुलगा, वेंकट, फार उशिरा जन्मला, आणि त्याला जन्म देऊन आई गेली. कनकाबाईंनी एका हाताने भावाचा पाळणा हलवला आणि दुसऱ्या हातात चिमटा धरला. स्थळे आली नि गेली. "तंबी थोडा मोठा होऊ दे," असे त्या म्हणत राहिल्या, आणि तो तंबी, धाकटा भाऊ, मोठा होईतो स्थळे येणे थांबले. त्याचे त्यांना दुःख होते असे कोणी कधी ऐकले नाही.

ह्या घराण्याची म्हणून एक रीत होती. मूर्ती पूर्ण झाल्यावर शिल्पी सर्वांत शेवटी तिचे डोळे उघडतो, त्या विधीला शास्त्रात नेत्रोन्मीलन म्हणतात. राघोत्तमरावांच्या घरी हंसालाही तोच मान असे. राक्कोडीतले सगळे खडे बसत, फक्त हंसाचा डोळा रिकामा राही. जिच्यासाठी ती घडवली ती मुलगी देवीचे दर्शन घेऊन घरी येई, खिडकीशी पूर्वेकडे तोंड करून बसे, आणि तिच्या देखत शेवटचा खडा त्या घरात उतरे. लहानपणी कनकाबाईंनी वडिलांना कारण विचारले होते. ते म्हणाले होते, "डोळा उघडल्यावर हंसास पहिली दिसावी ती त्याची मालकीण. आपण नव्हे. आपण पाहिले, पुरे झाले."

वेंकटला पाटाची गोडी कधीच लागली नाही. पण त्याला माणसांची गोडी होती, आणि जीभ तर अशी की ऐकणाऱ्याने उठूच नये. वडिलांमागे घराचा पुढचा सोपा त्याने दुकान केला. अक्का आत घडवी, वेंकट पुढे विकी. डोळ्यापर्यंत झालेली राक्कोडी त्याच्या हवाली होई; किती झाल्या, कोणती कोणाला गेली, हा हिशेब तोच ठेवी. अलीकडच्या वर्षांत त्याने आणखी एक उद्योग मांडला होता. दर रविवारी सकाळी तो हौशी मंडळींचा घोळका घेऊन निघे. तलावाच्या पायऱ्या, फुलांचा बाजार, मेट्रोच्या खोदकामाचे पत्रे चुकवत जुनी पितळेची दुकाने, आणि सगळ्यांच्या शेवटी आपला बोळ. तिथे आल्यावर तो आवाज खाली आणी.

"आता जे पाहाल ते जगात दुसरीकडे नाही," तो तमिळमध्ये, मग इंग्रजीत सांगे. "ही माझी अक्का. हा हंस. आणि हा त्याचा डोळा, अजून मिटलेला."

मग एखादी नवी नर्तिका पुढे बसे. वेंकट तिची राक्कोडी लाखेच्या थाळीत पक्की बसवून अक्कापुढे ठेवी, जाड भिंगाखाली कनकाबाई तो इवला खडा घरात उतरवत, आणि घोळका टाळ्या वाजवी.

"अक्का, जरा हसून दाखव की! फोटो काढताहेत."

"मी काये सर्कशीतले अस्वल होय?" त्या पुटपुटत, आणि तरीही हसत. आपल्या वडिलांची रीत इतक्या लोकांनी डोळे भरून पाहावी, ह्याचे त्यांना सुख होई. भावाचा त्यांना अभिमान वाटे. पाट सोडून तो दुसरीकडे गेला ही जुनी सल त्या रविवारांनी जवळजवळ बुजवली होती.

त्या गुरुवारी वेंकट नुंगंबाक्कमला एका मोठ्या दुकानदाराला भेटायला गेला होता. कनकाबाई एकट्याच पाटाशी होत्या. पुढच्या सोप्यातून हाक आली, आणि ती मराठी होती.

"कोणी आहे का घरात?"

"येवा, आत येवा. चपला तिथेच राहू देत."

पन्नाशीकडे झुकलेली एक बाई आणि तिच्यामागे उंच, सडपातळ मुलगी आत आली. दोघींच्या कपाळी देवळातले ताजे कुंकू होते.

"मावशी, तुम्हीच कनकाबाई ना? मी विद्युलता. आम्ही आवडीहून आलोय. लोकल, मग पार्क टाऊनला दुसरी गाडी, नुसती धावपळ. वेंकटकाकांनी आम्हाला पुढच्या रविवारी बोलावलं होतं डोळ्यासाठी. पण हॉलवाल्यांनी तारीखच अलीकडे आणली. परवा हिचं अरंगेत्रम आहे." वर्षानुवर्षे शिकल्यावर नर्तिकेने रंगमंचावर ठेवलेले पहिले पाऊल, त्याला अरंगेत्रम म्हणतात, ते पुढे ढकलता येत नाही, हे कनकाबाईंना सांगावे लागले नाही.

"मराठी की तुम्ही!" त्यांचा चेहरा उजळला. "कोठले?"

"अंबरनाथचे. ह्यांची आवडीच्या फॅक्टरीत बदली झाली, तेव्हापासून इथेच."

"मग तुमचे मराठी खरे. आमचे तमिळात भिजलेले. हसू नका हां."

"पाट्टी, मलापण नीट नाही येत," तमिळ मुली आजीला हाक मारतात तशी हाक मारून मुलगी म्हणाली. "आई ओरडते."

"ओरडू दे कण्णा. आई होऊन तेवढे तरी करू नये होय?" कनकाबाईंनी तिला खिडकीशी, पूर्वेकडे तोंड करून बसवले, आणि तिच्यासाठी एक केंप निवडून डाव्या मुठीत धरला. "नाव काये तुझे?"

मुलीने आईकडे पाहिले. आईने मुलीकडे.

"संयुक्ता," मुलगी म्हणाली. मग थोडे थांबून, "पण पाट्टी, तुम्हाला माहीत आहे ना? वेंकट अंकल म्हणाले होते, तुम्ही रोज सकाळी माझं नाव घेऊन मगच कामाला बसता."

कनकाबाईंनी ते नाव त्या क्षणी प्रथमच ऐकले होते. वेंकटची जीभ सैल आहे, गिऱ्हाइकाला चार गोड शब्द बोलला असेल, असे त्यांनी मनाला समजावले आणि हात पुढे केला. विद्युलताबाईंनी पिशवीतून मखमली डबी काढली, डबीतून राक्कोडी, आणि ती त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवली.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, लाखेच्या थाळीवाचून, एक राक्कोडी त्यांच्या हाताला लागली होती. हात आधी दचकला. ती जड होती. ठोकून पातळ केलेला चांदीचा पत्रा तळहातावर पानासारखा राहतो. हे एखाद्या वजनाच्या मापासारखे बसले. त्यांनी ती उलटी केली. त्यांच्या राक्कोडीची पाठ हातोडीच्या बारीक खुणांनी भरलेली असते. ही पाठ गुळगुळीत होती, आणि कडेने साच्याची एक रेघ सरळ फिरून आली होती.

मग त्यांनी भिंग लावले आणि हंसाकडे पाहिले. डोळा रिकामा होता. मान त्यांच्याच वळणाची. आणि शेपटीतले तिसरे पीस किंचित आत मुडपलेले.

त्या पिसाला त्या ओळखत होत्या. गेल्या मार्गळीत, म्हणजे संगीताच्या हंगामात, अंगात ताप असताना त्यांचा हात कापला होता आणि एक पीस असे मुडपले होते. त्या पुनः घडवायला बसणार, तोच वेंकट म्हणाला, "अक्का, मोडू नको. एका गिऱ्हाइकास नमुना दाखवून आणतो." आठवड्याने त्याने ती परत आणून दिली. कनकाबाईंनी आपल्या हातांनी शेपटी कापली, मुशीत टाकली, आणि नवी घडवली. ते पीस आता पृथ्वीवर कुठे नव्हते. आणि तरीही ते इथे, परक्या धातूत, परक्या मुलीच्या डबीत, जसेच्या तसे बसलेले होते.

हंसाचा साचा घेणाऱ्याने रिकाम्या डोळ्याचाही साचा घेतला होता. म्हणून ओतलेला प्रत्येक हंस रिकाम्या डोळ्यानेच जन्मत होता. आणि रिकामा डोळा दिसला की कनकाबाई दुसरे काही पाहत नसत. आपल्या घरचा हंस ओळखण्याची त्यांना तीच एक खूण ठाऊक होती. ह्या बोळात दुसरे कोणी डोळा रिकामा ठेवतच नव्हते. रविवारमागून रविवार त्या लाखेच्या थाळीवर वाकल्या होत्या. किती परक्या हंसांना आपण आपल्या हाताने दृष्टी दिली, हे त्यांना आठवून सांगता आले नसते. लोकांनी टाळ्या मात्र प्रत्येक वेळी वाजवल्या होत्या.

"मावशी, काय झालं? बिघडलंय का काही?"

"हा मी केलेला नाही," कनकाबाई म्हणाल्या.

विद्युलताबाई हसल्या. "असं कसं? डोळा रिकामा आहे की. काकांनी सांगितलंय, हीच तुमची खूण. जानेवारीपासून थांबलोय आम्ही. एकेक खडा अक्का हाताने बसवते, घाई करू नका, म्हणाले."

"खूण माझी आहे. हंस माझा नाही."

तेवढ्यात पुढच्या दारातून वेंकटचा आवाज आला. "अय्यो, आवडी एक्स्प्रेस आज बिफोर टाइम! ताई, फोन करायचा की, मी स्टेशनावर पुष्पहार घेऊन..." आत येऊन त्याने अक्काच्या हातातली राक्कोडी पाहिली, आणि वाक्य तसेच राहिले.

"वेंकटा," कनकाबाईंनी भिंग त्याच्याकडे केले. "ये. पाहा. हे पीस ओळखतोस?"

"अक्का, आत जाऊन बोलू."

"हेच आत. ह्यापेक्षा आत ह्या घरात काही नाही. बोल."

वेंकट भिंतीला टेकला. 

"किती मुली येतात, तुज ठाऊक आहे?" तो म्हणाला. "तुझी एक राक्कोडी व्हावयास महिना. तुझा हात आता कापतो, ते मी पाहत नाही का? नाही म्हटले असते, तर त्या बाजारातले प्लास्टिक लावून नाचल्या असत्या. मी त्यांस तुझाच हंस दिला की. परक्याचा नाही दिला."

"मज सांगितले नाहीस."

"सांगितले असते तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" वेंकट म्हणाला, जणू ह्यात सगळे आले.

"आणि डोळे, वेंकटा? आप्पांची रीत?"

"डोळे तर तूच बसवलेस! खरे खडे, खरा हात. त्यात मी एक अक्षर खोटे केलेले नाही."

कनकाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. ह्या मुलाला त्यांनी पाळण्यात घातले होते, भात कालवून भरवला होता, ताप आल्यावर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि मांडीवरची ती जागा सोडायची नाही म्हणून एक सबंध आयुष्य दुसरीकडे जाऊ दिले होते. तो खोटे बोलत नव्हता, हेच त्यांना अधिक लागले. त्याने त्यांच्यातले फक्त खरे तेवढे उचलून खोट्याच्या मध्यभागी जडवले होते, आणि कोंदण असे बेमालूम की त्यांनाच शिवण दिसली नव्हती.

विद्युलताबाईंचा चेहरा एव्हाना तांबडा झाला होता. "वा! छान जमवलंय. भावाने विकायचं, आणि बहिणीने ऐन वेळी हात झटकायचे. आवडीहून येणाऱ्या बाईला काय कळतंय, असंच ना?"

"ताई, ताई, अक्काला खरंच काही..."

"तुम्ही बोलूच नका काका! आणि मावशी, एकाच घरात राहता तुम्ही. तुमच्या खिडकीत बसून तुम्हाला दिसलं नाही म्हणता?"

फसवल्या गेलेल्या माणसाला फसवणाऱ्याच्या पंगतीस बसावे लागते, तेव्हा त्याने कोणत्या तोंडाने उठावे? कनकाबाई एवढेच म्हणाल्या, "बोला बाई. तुमचे बरोबर आहे. मी ऐकत्ये."

संयुक्ता इतका वेळ पूर्वेकडे तोंड करून तशीच बसलेली होती. ती हळूच म्हणाली, "आई, परवा प्रोग्राम आहे. डोळ्याला भोक ठेवून कसं लावू? मी वळले की सगळ्यांना दिसेल."

वेंकटने खाली वाकून कोपऱ्यातल्या आपल्या मेजाचा खण उघडला आणि चिकटवायच्या द्रव्याची एक नळी काढली. ती खालून वर गुंडाळत आलेली, अर्ध्याहून अधिक सरलेली होती.

"अक्का, खडा दे."

संयुक्तासाठी म्हणून निवडलेला केंप कनकाबाईंच्या डाव्या मुठीत होता. त्यांनी मूठ मिटली. वेंकटने क्षणभर वाट पाहिली, मग खणातल्या डबीतून दुसरा एक खडा काढला, थेंब सोडला, खडा चिकटवला, आणि फुंकर घालून म्हणाला, "झाले."

मुलीने राक्कोडी वेणीवर धरून आरशात मान वळवून पाहिली. तिचा चेहरा फुलला. हंस लखलखत होता. लांबून पाहणाऱ्याला त्यात काहीही कमी दिसले नसते.

"छान दिसतंय ना, पाट्टी?"

कनकाबाई उठल्या. त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "तू छान दिसतेस. चांगली नाच हां, संयुक्ता." ते नाव त्यांनी सावकाश, पूर्ण उच्चारले. निदान एकदा तरी त्या तिचे नाव घेऊन बोलल्या होत्या.

विद्युलताबाई निरोप न घेताच निघाल्या. पैसे परत देण्याविषयी वेंकट त्यांच्यामागून काही बोलत बोळाच्या तोंडापर्यंत गेला. परत आला तेव्हा कनकाबाई पाटाशी बसल्या होत्या. पुढ्यात नवी राक्कोडी होती. चांदी ठोकून झालेली, घरे उभी राहिलेली, लाख भरलेली, एकही खडा अजून न बसलेली. त्यांनी मूठ उघडली, वर्खाचा ठिपका ठेवला, आणि तो केंप उचलून सगळ्यांत आधी हंसाच्या डोळ्यात उतरवला. मग सोन्याची धार त्याच्याभोवती सावकाश दाबत नेली.

"अक्का! हे काय करतेस? आप्पा म्हणत की..."

"आप्पांस काय सांगायचे ते मी सांगेन."

वेंकट तिथेच उकिडवा बसला. लहानपणी काही मोडले की तो असाच येऊन बसत असे. "रविवारी लोक येणार आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांस काय दाखवू?"

"हा बोळ दाखव. तलाव दाखव. आणि सांग, आजपासून ज्या हंसाचा डोळा रिकामा, तो कनकाने केलेला नाही."

"अक्का, मी..."

"जेवण झाकून ठेवले आहे. जेव जा."

तो गेला नाही, जेवलाही नाही. त्या मात्र त्याच्याकडे वळल्या नाहीत. खिडकीतून येणारे ऊन पाटावर सरकत हंसाच्या मानेपर्यंत आले आणि तांबडा डोळा पेटल्यासारखा दिसू लागला. अजून त्याच्या पिसांत, पंखांत खडे नव्हते, कोणाच्या वेणीवर तो बसायचा हेही ठरलेले नव्हते. डोळा उघडल्यावर त्याला पहिली दिसली ती भिंगाआडची एक म्हातारी बाई. आणि ती त्याच्याकडे पाहत, ओठ घट्ट मिटून, पुढच्या घरासाठी दुसरा खडा निवडत होती.